अल्प वीर्यनमुना : स्वयंचलित तपासणीतील हाताळणी

स्वयंचलित वीर्य तपासणीत यंत्राला पुरेल इतका नमुना न मिळाल्यास तो मोजण्याची, विरल करण्याची (द्रव मिसळून पातळ करण्याची) आणि अहवालात नोंदवण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत वीर्याच्या आकारमानाची खालची संदर्भमर्यादा १.४ मिली दिली आहे. यंत्राची अडचण मात्र बहुधा अर्ध्या मिलीच्या खाली सुरू होते.

कॅमेऱ्याने शुक्राणूंचा माग काढणाऱ्या यंत्राला २० मायक्रोमीटर खोलीच्या काचकक्षात काही मायक्रोलिटरचा थेंबही पुरतो. प्रकाशशोषणावर चालणाऱ्या यंत्राची कॅपिलरी (नमुना भरायची बारीक नळी) मात्र पूर्ण भरावी लागते. आत बुडबुडा राहिला की आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पहिली चूक यंत्राच्या आधीच होते. नमुना पिपेटने ओढून मोजला तर ०.३ ते ०.९ मिली डबीला चिकटून राहू शकतो. अल्प नमुन्यात म्हणजे जवळजवळ सगळाच. म्हणून डबी आधी रिकामी आणि मग नमुन्यासह तोलतात व १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरतात. फक्त अचूक तराजू लागतो, तरी ही पायरी सर्रास गाळली जाते.

घट्ट नमुना आपोआप पातळ व्हायला अर्धा ते एक तास देऊन, हलक्या हाताने ढवळून मगच विरल करतात. समजा, वजनावरून ०.४ मिली भरले. त्यात तेवढेच विरलक (विरल करायचा द्रव) घातले आणि यंत्राने मिलीला २ कोटी शुक्राणू दाखवले, तर मूळ संख्या मिलीला ४ कोटी. यंत्रात विरलनाचा पर्याय निवडला असेल तर दुपटीचा हिशेब ते स्वतःच करते. तंत्रज्ञाने पुन्हा दुप्पट केली की अहवालात ८ कोटी छापून येतात. खऱ्या ४ कोटींच्या हिशेबाने ०.४ मिलीत एकूण शुक्राणू भरतात १ कोटी ६० लाख, म्हणजे ३ कोटी ९० लाखांच्या संदर्भमर्यादेच्या बरेच खाली. नुसती घनता (मिलीमागील संख्या) वाचणाऱ्याला हा अहवाल उत्तम वाटेल. फॉर्मॅलिनयुक्त विरलकात शुक्राणू मरतात, तेव्हा चलनशक्ती आधी विरल न केलेल्या थेंबावर पाहून घ्यावी.

नमुना कमी का आला, हे विचारणे तपासणीचाच भाग आहे. संकोचापोटी रुग्ण सांडल्याचे सांगत नाही, आणि बहुतेक शुक्राणू असलेला पहिलाच भाग सांडला असेल तर घनताही फसवी निघते. मिरजेला उपचारांसाठी सांगली जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही लोक येतात. लांबच्या जतहून एसटीने आणलेला नमुना तासाभरात पोचत नाही, तेव्हा तो प्रयोगशाळेतच घेणे बरे. सांडलवंड झाली नसेल तर मधुमेह, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया किंवा प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिनसारखी औषधे यांची चौकशी होते. वीर्य मूत्राशयात उलटे जात असल्यास नंतरच्या लघवीत शुक्राणू सापडतात. शुक्राणू शून्य, सामू (पीएच) ७.२ पेक्षा कमी आणि फ्रुक्टोज ही वीर्यातली साखर नाही, असे एकत्र दिसल्यास जन्मतः शुक्रवाहिन्या नसणे किंवा वीर्यस्खलन नलिकेत अडथळा असणे, या शक्यता तपासतात.

पशुवैद्यकात गणित उलटे आहे. जत तालुक्यातील माडग्याळसारख्या मेंढ्यांच्या जातींत नराचे वीर्य एक मिलीच्या आसपासच असते, पण मिलीला दोन अब्जांहून अधिक शुक्राणू असू शकतात. तिथे नमुना विरल करतात तो यंत्राला दाटी मोजता यावी म्हणून.