रजोनिवृत्तीनंतरचे संप्रेरक उपचार

पाळी कायमची गेल्यावर शरीरात कमी पडलेले इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हॉर्मोन) बाहेरून देण्याचे उपचार. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम आणि त्यापायी मोडणारी झोप यांवर याहून गुणकारी औषध नाही. हाडांची झीजही थांबते, पण औषध बंद केल्यावर हा लाभ ओसरतो. केवळ हृदयविकार किंवा स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी हे उपचार घेऊ नयेत.

गर्भाशय असेल तर नुसते इस्ट्रोजेन चालत नाही. त्याने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाऊन कर्करोगाचा धोका निर्माण होतो. म्हणून जोडीला ही वाढ रोखणारे दुसरे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, लागते : रोज रात्री १०० मिग्रॅ. किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिग्रॅ. पिशवी काढलेली असल्यास ते सहसा लागत नाही.

या उपचारांची धास्ती पसरली ती २००२ मध्ये. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीचा दोन्ही संप्रेरकांचा भाग तेव्हा मुदतीआधी थांबवला गेला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि फुप्फुसातील गुठळी यांचे प्रत्येकी ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त आढळले. खुब्याची मोडलेली हाडे ५ ने आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ ने कमी. मात्र त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. हेच आकडे पन्नाशीच्या स्त्रीला लावणे चूक ठरले. वय साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन १० वर्षे झालेली नसतील आणि प्रकृती निरोगी असेल, तर त्रासदायक लक्षणांसाठी लाभाचे पारडे बहुधा जड राहते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका मुख्यतः जोडउपचारात असतो आणि वर्षांगणिक वाढतो.

गोळी आणि जेल यांतला फरकही मोठा. गोळीतले इस्ट्रोजेन आधी यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. जेल किंवा पट्टीतले त्वचेतून थेट रक्तात उतरते, त्यामुळे गुठळीचा धोका आधीच जास्त असलेल्या स्थूल स्त्रीसाठी तेच बरे. फक्त योनीचा कोरडेपणा असेल तर स्थानिक क्रीम पुरते. संकोचामुळे हा त्रास सांगितलाच जात नाही.

बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या पिशव्या कमी वयात काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. अशा शस्त्रक्रियेत ४५ च्या आत दोन्ही अंडाशयेही गेली असतील, तर हिशेबच बदलतो : हाडे आणि हृदय जपण्यासाठी, मनाई नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत.

स्तनाचा कर्करोग, पूर्वीचा पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका, यकृताचा सक्रिय आजार, निदान न झालेला रक्तस्राव यांत हे उपचार टाळतात. पहिले ३ ते ६ महिने रक्ताचे थोडे डाग पडू शकतात; त्यानंतरही रक्त गेले तर सोनोग्राफी करून अस्तर तपासावे.