1882 चे मुंबई चक्रीवादळ

6 जून 1882 रोजी अरबी समुद्रातून आलेले चक्रीवादळ मुंबईवर आदळले आणि लाखावर माणसे दगावली, अशी नोंद जगातील भीषण वादळांच्या अनेक याद्यांत आढळते. असे वादळ झालेच नाही. तरीही ‘ग्रेट बॉम्बे सायक्लोन’ या भारदस्त नावाने ते याद्यांमध्ये ठाण मांडून बसले आहे.

ही नोंद खोटी ठरवायला हवामानशास्त्राचीही गरज पडू नये. 1881 च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या 7,73,196 होती, 1891 मध्ये 8,21,764. लाख माणसे गेली असती तर शहरातला आठांतला एक जण गेला असता आणि त्याचा घाव पुढच्या गणतीत दिसला असता. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून नियमित निरीक्षणे होत होती. हवामान खाते 1875 मध्येच स्थापन झाले होते. एवढा उत्पात त्यांच्या नजरेतून सुटणे अशक्यच. शहराचा कारभारही सुरळीत चालू होता. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना मुंबई हायकोर्टात शिक्षा झाली ती त्याच वर्षीच्या जुलैत. पुढचे 101 दिवस दोघे डोंगरीच्या तुरुंगात होते. महिना-सव्वा महिन्यापूर्वी लाखभर मुडदे पडलेल्या गावात कोर्टकचेऱ्या अशा चालत नसतात.

कथा पटते, कारण तारीख चपखल बसते. अरबी समुद्रात वादळे मुख्यतः मोसमी पावसाच्या आगेमागे, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. मात्र त्यांतली बरीचशी ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात. थेट मुंबईवर येणारी विरळाच. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ अॅडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळी धोक्याचा अभ्यास करताना 1882 ची नोंद निराधार ठरवली. धोका मात्र खरा असल्याचेही सांगितले.

खरी वादळे या काल्पनिक वादळामागे झाकोळली गेली, हे जास्त खटकते. मे 1618 मधील वादळाने पोर्तुगीज अमलातील वसई-मुंबई पट्ट्यात हाहाकार माजवला. नोव्हेंबर 1854 मधील वादळात काही तासांत सुमारे हजार माणसे मेली. नोव्हेंबर 1948 मध्येही मुंबईला चक्रीवादळाचा तडाखा बसला.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. मुंबई थोडक्यात बचावली. झळ बसली ती रायगड आणि रत्नागिरीला. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांत घरांची कौले-पत्रे उडाले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात, त्यामुळे वाडीवाल्यांचे नुकसान त्या एका हंगामापुरते राहिले नाही. पुढच्याच वर्षी, 17 मे 2021 रोजी, ‘तौक्ते’ मुंबईजवळून समुद्रातून उत्तरेकडे गेले. शहरात ते शिरले नाही, तरी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले आणि बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-305 हा कामगारांच्या निवासाचा तराफा (बार्ज) बुडून सत्तरहून अधिक कामगार आणि खलाशी मृत्युमुखी पडले.