पाय तापतात, मग बोटंच का गारठतात?

जानेवारीच्या सकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून मुरारला सायकलनं निघालेल्या माणसाचं फूलबाग मागे पडेपर्यंत काय होतं बघा. स्वेटरच्या आत पाठीला घाम, मांड्या छान तापलेल्या आणि ब्रेकवरची बोटं मात्र इतकी बधिर की ब्रेक नीट दाबला की नाही तेही कळू नये. एकाच अंगात उन्हाळा आणि हिवाळा शेजारी शेजारी नांदत असतात. ग्वाल्हेरात पहाटेचा पारा ५ अंशांच्या आसपास उतरला की शाळा-कॉलेजची मुलं, पेपर टाकणारे, कामावर निघालेली माणसं सगळेच हे अनुभवतात आणि ‘थंडीच तेवढी आहे’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते दोष थंडीचा कमी आणि वाऱ्याचा जास्त आहे. वारा अडवता येतो, म्हणून हे समजून घेण्यात अर्थ आहे.

आधी ऊब कुठून येते ते पाहू. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पॅडल फिरवण्याच्या कामी येतो, बाकी सगळी उष्णता होते. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगानं सायकल चालवताना शरीरात ३०० ते ४०० वॉट उष्णता सहज तयार होते. नुसतं बसून असताना ती १०० वॉटच्या आसपास असते. म्हणजे इंधनाची कमतरता अजिबात नाही.

आता वारा. त्वचेला चिकटून गरम हवेचा एक पातळ थर असतो आणि वारा तो सतत उडवून लावतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी अंटार्क्टिकात पाणी भरलेलं नळकांडं वाऱ्यात ठेवून ते किती वेळात गोठतं हे मोजलं आणि १९४५ साली वाऱ्यामुळे वाढणाऱ्या गारठ्याचं गणित मांडलं. पुढे २००१ साली अमेरिका आणि कॅनडानं माणसाच्या उघड्या चेहऱ्यावर प्रयोग करून ते सूत्र सुधारलं. त्या सूत्रात आकडे घालून पाहिले, तर ५ अंश तापमानात ताशी २० किलोमीटरचा वारा लागला की चेहऱ्याला सुमारे १ अंशाचा गारठा जाणवतो. ३० किलोमीटरला तो शून्यावर येतो. रस्त्यावर पान हलत नसलं तरी सायकलस्वाराला हा वारा लागतोच, कारण तो त्याच्याच वेगाचा असतो. म्हणूनच हातानं विणलेलं जाड स्वेटर चालताना पुरतं आणि सायकलवर अपुरं पडतं. लोकरीत अडकलेली हवा ऊब धरते खरी, पण विणीच्या छिद्रांतून वारा आरपार जातो. त्यावर एक पातळ विंडचीटर घातला तर दुसऱ्या स्वेटरपेक्षा जास्त उपयोग होतो. युरोपातले शर्यतीतले सायकलपटू घाट उतरताना जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालत, ते याचसाठी.

बोटांची गोष्ट जरा वेगळी आहे. बोटांत हालचालीचे स्नायू नसतातच. बोटं ओढणारे स्नायू तळहातात आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात, बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त दोऱ्या. ब्रेक कितीही वेळा दाबला तरी बोटात स्वतःची अशी ऊब तयार होत नाही. ती येते केवळ रक्तातून, आणि नेमकं तेच रक्त थंडीत तोडलं जातं. बोटांच्या टोकांशी धमन्या आणि शिरा थेट जोडणारे छोटे मार्ग असतात. उन्हाळ्यात ते उघडे राहून शरीराची उष्णता बाहेर टाकतात. गार वारा लागला की मेंदूच्या हुकमानं ते मिटतात. छाती-पोटातली ऊब वाचवायची, त्यासाठी बोटं गारठली तरी चालतील, असा हा हिशेब. त्यात बोटं बारीक, म्हणजे आकाराच्या मानानं त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, आणि तीच हँडलवर सगळ्यांत पुढे, वाऱ्याच्या तोंडी. गार झालेल्या नसांमधून संदेशही मंद जातात, आणि ब्रेक लावायला होणारा तेवढा उशीर दाट धुक्यात महागात पडू शकतो.

तरी शरीर बोटांना पुरतं वाऱ्यावर सोडत नाही. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवलं, की बोटं बर्फाळ पाण्यात धरली तर काही मिनिटांनी मिटलेल्या वाहिन्या आपोआप उघडतात, बोटं थोडी गरम होतात आणि वाहिन्या पुन्हा मिटतात. यातून एक सोपी गोष्ट निघते. हात गरम ठेवायचे तर आधी छाती आणि मान झाका. आतली ऊब शिलकीत आहे असं दिसलं की मेंदू बोटांचं रक्त मोकळं करतो. मनगटाशी बाही आणि हातमोजा यांच्यात फट ठेवू नका, तिथं रक्तवाहिन्या अगदी वरवर असतात. आपल्याकडे मोटारसायकलवाले हँडलला रेक्झिनचे कव्हर लावतात, ती युक्ती सायकललाही उत्तम.

घशाचा प्रश्न तर आणखी अजब. धुक्यात हवा ओलीचिंब असते, मग सायकल चालवून घसा कोरडा का पडतो? ५ अंशांची हवा पूर्ण भिजलेली असली तरी एका घनमीटरमध्ये जेमतेम ७ ग्रॅम बाष्प धरते. फुप्फुसात पोचेपर्यंत ती ३७ अंशांची होते, आणि तिथं तिला ४४ ग्रॅम लागतं. मधला फरक नाक, घसा आणि श्वासनलिका स्वतःच्या ओलाव्यातून भरून काढतात. दम लागला की आपण तोंडानं श्वास घेतो आणि नाकाची ही सोय हुकते. नळ्यांचं अस्तर सुकतं, खोकला येतो, काहींच्या नळ्या आकसून छातीत शिट्टी वाजते. दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं. मफलर तोंडावरून घेतला की सोडलेल्या श्वासातलं बाष्प त्यात अडकतं आणि पुढच्या श्वासाबरोबर परत मिळतं.

मफलर धूर मात्र अडवत नाही. थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, वर चढत नाही, आणि शेकोट्यांचा, वाहनांचा धूर तिच्यात कोंडून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली जाहीर केलेल्या यादीत सूक्ष्म कणांच्या वार्षिक सरासरीत आपलं ग्वाल्हेर जगात दुसरं होतं, हे विसरून चालणार नाही. बसल्या जागी माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, सायकलवर ४० लिटर सहज, म्हणजे धूरही त्याच पटीत आत जातो. ज्यांना वेळ निवडता येते त्यांनी ऊन चढून धुकं विरल्यावर निघावं. ज्यांना पहाटेच निघावं लागतं त्यांच्यासाठी शहराची हवा सुधारणं हाच खरा उपाय, आणि तो एकट्यादुकट्याच्या हातातला नाही.

सायकलकडेही पाहा. ३० अंशांत ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरलेल्या टायरमध्ये ५ अंशांना ४५च्या आसपास उरते, गळती नसली तरी. शिवाय ५ अंशांची हवा मेमधल्या ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के दाट असते. थंडीत सायकल जड चालते ही तक्रार खरीच आहे.

सगळ्यांत जास्त गारठा भरतो तो थांबल्यावर. चहासाठी उतरलात की ३०० वॉटची भट्टी विझते, पण घामानं भिजलेला बनियन अंगातली ऊब ओढतच राहतो. म्हणून निघताना थोडं गार वाटेल इतकेच कपडे घालावेत आणि पोचल्याबरोबर बनियन बदलावा. बधिर बोटं कढत पाण्याखाली धरू नयेत, चटका बसला तरी कळत नाही. काखेत धरावीत किंवा कोमट पाण्यात बुडवावीत. रक्त परतताना ठणका लागतो, तो थोड्या वेळात जातो. पण गारठ्यात बोटं दरवेळी एका रेषेपर्यंत पांढरीफटक पडत असतील, मग निळी आणि लाल होत असतील, तर तो १८६२ साली फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनो यांनी वर्णन केलेला विकार असू शकतो. अशी बोटं डॉक्टरांना दाखवावीत.