इस्लामी तत्त्वे आणि कुटुंबोपचार

कुटुंबातील कलह, दुरावा किंवा एखाद्या सदस्याचा मानसिक त्रास यांवर सबंध कुटुंबाला विचारात घेऊन उपचार करण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतीला कुटुंबोपचार म्हणतात. कुराण, हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, आणि फिक्ह म्हणजे मुस्लिम धर्मशास्त्र यांतील कुटुंबविषयक तत्त्वांची या पद्धतीशी सांगड घालून श्रद्धावान मुस्लिम कुटुंबांसोबत जे काम केले जाते, ते या नोंदीत अभिप्रेत आहे. बैठकीत अधूनमधून आयती, म्हणजे कुराणातील वचने, उद्धृत केल्याने ही सांगड घातली जात नाही. हक्क, कर्तव्य, क्षमा आणि न्याय या गोष्टी त्या कुटुंबाला ज्या भाषेत कळतात, त्याच भाषेत त्याच्या अडचणीचा उलगडा करणे हा या कामाचा गाभा आहे.

कुटुंबोपचार विसाव्या शतकाच्या मध्यास मुख्यतः अमेरिकेत आकाराला आला. मरे बोएन, साल्वादोर मिनुचिन, व्हर्जिनिया सटीर यांनी त्रासाचे मूळ एकट्या व्यक्तीत न शोधता नात्यांच्या जाळ्यात शोधायला शिकवले. मनाच्या आजारांविषयीचे मुस्लिम विचारवंतांचे चिंतन याहून पुष्कळ जुने आहे. अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) याने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा एकत्र विचार केला, तर अल-गझाली (१०५८–११११) याने नफ्स (अहं), कल्ब (हृदय), रूह (आत्मा) आणि अक्ल (बुद्धी) या संकल्पनांच्या आधारे अंतःकरणाची रचना मांडली. आधुनिक काळात सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी पाश्चात्त्य सिद्धांत पारखून न घेता स्वीकारण्यावर १९७९ साली कठोर टीका केली. कुटुंबोपचारापुरता हाच प्रश्न मनिजे दानेशपूर यांनी १९९८ साली नेमका मांडला. मुस्लिम कुटुंबे अधिक जवळीक, अधिक उतरंड आणि सूचक बोलणे पसंत करतात, तर उपचाराची प्रचलित प्रतिमाने स्वायत्तता, समपातळी आणि थेट बोलणे गृहीत धरतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

सांगडीचा सर्वांत सुपीक आधार कुराणाच्या चौथ्या सूरेतील, म्हणजे अध्यायातील, ३५वी आयत हा आहे. पतिपत्नींत फूट पडण्याची भीती असेल तर त्याच्या घरातून एक आणि तिच्या घरातून एक असे दोन ‘हकम’, म्हणजे लवाद, नेमावेत. ‘त्या दोघांना’ समेट हवा असेल तर अल्लाह त्यांच्यात मेळ घडवील, असे ती सांगते. ‘ते दोघे’ म्हणजे दांपत्य की दोन लवाद, याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत आणि उपचारकाच्या दृष्टीने हा मतभेद मोलाचा आहे. दुसरा अर्थ घेतला तर समेटाची पहिली अट मध्यस्थांच्या हेतूच्या शुद्धतेला लागू होते. लवादांचे अधिकार किती, यावरही धर्मशास्त्राच्या पंथांत एकमत नाही. मालिकी परंपरेत ते विवाह विसर्जित करू शकतात. हनफी परंपरेत दांपत्याने तसा अधिकार दिल्याखेरीज त्यांना तो नसतो. सिंगापूरच्या शरिया न्यायालयात आजही हकम नेमण्याची तरतूद आहे.

लवाद घरातला असतो आणि उपचारक बाहेरचा, हा दोघांतील मोठा फरक. मात्र बोएन यांचा ‘त्रिकोणा’चा सिद्धांत या आयतीशेजारी ठेवला की एक गोष्ट लक्षात येते. दोघांतील ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढून घेतले जाते, मग ती सासू असो, मूल असो वा भाऊ, आणि तो तिसरा बहुधा एका बाजूला झुकतो. दोन्ही घरांतून एकेक माणूस घेण्याच्या व्यवस्थेत हा झुकाव आधीच ओळखून त्याचा तोल साधलेला दिसतो. म्हणून दोन्हीकडच्या विश्वासू वडीलधाऱ्यांना एखाद्या बैठकीला बोलावणे मुस्लिम कुटुंबांत अनेकदा फलदायी ठरू शकते; अर्थात पतिपत्नी दोघांची संमती असेल तरच.

बोएन यांचीच दुसरी संकल्पना, आप्तांशी जोडलेले राहूनही स्वतःचे वेगळेपण टिकवण्याची क्षमता, अधिक काळजीने हाताळावी लागते. आईवडिलांना ‘उफ्’ही म्हणू नये असे कुराण (१७:२३) सांगते आणि ‘सिला-ए-रहमी’ म्हणजे रक्ताची नाती जोडून ठेवणे हे धर्मकर्तव्य मानले जाते. अशा घरातील मुलाला ‘वेगळे हो’ असा सल्ला दिला, तर त्याला तो पापाचा सल्ला वाटू शकतो. तथापि आईवडिलांशी सौजन्याने वागणे आणि पत्नीचे हक्क त्यांच्या मर्जीवर सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक नात्याचा स्वतंत्र ‘हक’ असतो आणि एकाचा हक देताना दुसऱ्याचा हिरावता येत नाही, हे तत्त्व येथे उपयोगी पडते. इवान बोसोर्मेनी-नाज यांच्या न्याय आणि निष्ठा यांवर आधारलेल्या कुटुंबोपचाराशी या विचाराचे नाते, प्रस्तुत लेखकाच्या मते, इतर कोणत्याही प्रतिमानापेक्षा जवळचे आहे.

घरातले बाहेर सांगण्याचा संकोचही मोठा असतो. पाठीमागे निंदा करणे, म्हणजे ‘गीबत’, निषिद्ध असल्याने गैरहजर सदस्याविषयी तक्रार करताना अनेकांना अपराधी वाटते. येथे हिंद बिन्त उत्बा यांची हदीस आधाराला येते. नवरा पुरेसा खर्च देत नाही अशी तक्रार त्यांनी पैगंबरांकडे केली असता पैगंबरांनी त्यांना गप्प केले नाही. स्वतःला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल तेवढे घेण्याची मुभा दिली. इलाजासाठी केलेले कथन निंदेत मोडत नाही, हे एवढ्याने समजले तरी पुष्कळदा बोलण्याची वाट मोकळी होऊ शकते.

हिंसेच्या बाबतीत मात्र समेटाची घाई घातक ठरते. चौथ्या सूरेतील ३४व्या आयतीच्या अर्थावर दीर्घ वाद आहे आणि तिचा आधार घेऊन मारहाणीचे समर्थन करणारे पुरुष उपचारकाला भेटतात. पैगंबरांनी कधीही कोणा स्त्रीवर वा सेवकावर हात उगारला नाही, असे त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी सांगितले आहे, आणि ‘इजा करू नये, इजेच्या बदल्यात इजाही करू नये’ हे धर्मशास्त्राचे मान्य सूत्र आहे. जिवाला धोका असलेल्या स्त्रीला ‘सब्र’, म्हणजे धीर, कर असे सांगणे हा त्या शब्दाचा गैरवापर आहे. अशा प्रसंगी संयुक्त बैठक न घेता आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी लागते.

उपचारक मुस्लिमच असावा अशी अट नाही, परंतु समोरच्या कुटुंबाची धार्मिकता किती आणि कशी आहे हे त्याने आधी विचारून घ्यावे, कारण एकाच घरात पाच वेळा नमाज पढणारी आई आणि श्रद्धेपासून दुरावलेली मुलगी असू शकते. तो मुफ्ती, म्हणजे धर्मशास्त्रीय निर्णय देणारा, नव्हे, हेही त्याने विसरू नये. रागाच्या भरात उच्चारलेला तलाक लागू झाला की नाही, असा प्रश्न आल्यास तो जाणकार आलिमाकडे, म्हणजे धर्मपंडिताकडे, पाठवणे आणि त्या रागाचे काय करायचे याचा विचार बैठकीत चालू ठेवणे हे त्याचे काम आहे.

नाते तुटणे हेही नेहमी उपचाराचे अपयश नसते. ‘रीतीने नांदवा किंवा भलेपणाने सोडा’ (२:२२९) असे दोन्ही मार्ग कुराणाने खुले ठेवले आहेत, आणि तलाकनंतरचा इद्दतचा, म्हणजे पुनर्विवाहापूर्वीच्या प्रतीक्षेचा, काळ, सामान्यतः तीन मासिक पाळ्यांचा, पुनर्विचारालाही अवकाश देतो. पुढे २:२३३ मध्ये अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडण्यासारखा निर्णयही दोघांनी परस्परसंमतीने आणि विचारविनिमयाने घ्यावा, मुलावरून आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असे म्हटले आहे. विभक्त झालेल्या आईवडिलांसोबत मुलांच्या भेटी, शाळा आणि खर्च यांचा करार लिहून घेताना या एका आयतीपासून सुरुवात करता येते.