योनीमार्गातली बुरशी औषधांना दाद का देईनाशी झाली: पार्श्वभूमी

नायस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध १९५० सालचं, दोन अमेरिकी महिला संशोधकांनी मातीतल्या जिवाणूपासून मिळवलेलं. पुढे क्लोट्रिमॅझोल आणि मायकोनॅझोलच्या गोळ्या-मलमं आली. त्या काळाबद्दल एवढं पुरे, कारण आजचा गुंता फ्लुकोनॅझोलपासून सुरू होतो.

हे औषध अमेरिकेत १९९० मध्ये मंजूर झालं आणि १९९४ मध्ये योनीमार्गाच्या संसर्गासाठी १५० मिलिग्रॅमची एकच गोळी पुरेशी ठरली. रात्री आत ठेवायच्या गोळ्यांचा कोर्स एका घोटावर आला. त्याच सुमारास एड्सच्या रुग्णांमध्ये तोंडातल्या बुरशीवर हेच औषध महिनोन्‌महिने दिलं जात होतं, आणि प्रतिकार ठळकपणे दिसला तो तिथे. औषध ज्या एन्झाइमला अडवतं, तेच बुरशी बदलून टाकते किंवा पेशीत शिरलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकते.

भारतात याच काळात एक निर्णय झाला, ज्यावर अजून वाद आहे. एचआयव्हीच्या धास्तीने लैंगिक आजारांवर तक्रारीनुसार उपचार करायचं धोरण आलं. अंगावरून पांढरं जातंय म्हटलं की तपासणीच्या निकालाची वाट न पाहता हिरवं किट द्यायचं: जिवाणू-परजीवींवरचं सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. जिवाणू असो, ट्रायकोमोनास हा परजीवी असो की बुरशी, एका फटक्यात सगळ्यांची सोय. बाजू लंगडी नव्हती. गावातली बाई एकदा आरोग्य केंद्रात येते तेच घरच्यांची नजर चुकवून; रिपोर्टसाठी ती परत येईलच असं नाही.

पण ज्या केंद्रात मलेरियाचे रक्तनमुने आणि टीबीचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जात होता, तिथे स्रावाची स्लाइड पाहणं अशक्य होतं, हे पटत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब आणि काही मिनिटं लागतात. पांढरं जाणाऱ्या अनेक बायकांना संसर्ग नसतोच. त्यांनाही गोळी मिळाली. जिला या संसर्गाच्या कॅन्डिडा बुरशीची ग्लॅब्राटा ही जात होती, तिच्या बुरशीला एका डोसने फारसा फरक पडत नाही, आणि क्रुसेई ही जात तर जन्मजातच फ्लुकोनॅझोलला जुमानत नाही. खासगी बाजारात यात अ‍ॅझिथ्रोमायसिनची भर पडून चार गोळ्यांचं पाकीट आलं, जे नवऱ्याने मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणायचं. नमुनाच न घेतल्यामुळे या सगळ्याने प्रतिकार किती वाढवला, हे मोजायला आधारही उरला नाही.

दुसरा गोंधळ पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गाचा. परत आलेला प्रत्येक संसर्ग प्रतिकारामुळे नसतो. बहुतेकदा कॅन्डिडाची नेहमीची जात, अल्बिकन्सच असते आणि औषधाला दादही देते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्याला फ्लुकोनॅझोलची एक गोळी सहा महिने घेणाऱ्या सुमारे ९१ टक्के स्त्रिया तोवर ठणठणीत राहिल्या. गोळी थांबली आणि वर्षअखेरीस आकडा ४३ टक्क्यांवर आला. औषध बुरशीला रोखून धरतं, पुरतं मारत नाही.

प्रयोगशाळेचा निकालही जपून वाचावा लागतो. चाचणी सात पीएचला होते, योनीतला पीएच चारच्या आसपास, म्हणजे बराच आम्ल. तिथे हीच औषधं, विशेषतः ग्लॅब्राटावर, कमजोर पडतात. शिवाय अल्बिकन्ससाठी ‘संवेदनशील’ (फ्लुकोनॅझोलला दाद देणारी) ठरवण्याची औषधाच्या प्रमाणाची मर्यादा नंतर ८ वरून २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरवर आणली गेली. बुरशी तीच, शेरा बदलला. जुन्या आणि नव्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

ग्लॅब्राटासाठी डॉक्टर आजही ६०० मिलिग्रॅम बोरिक अ‍ॅसिडच्या कॅप्सूल दोन आठवडे योनीत ठेवायला देतात. गिळल्यास ते विष आहे, गरोदरपणात वर्ज्य. नवी औषधं आली: अमेरिकेत २०२१ मध्ये आयब्रेक्साफंजर्प, २०२२ मध्ये ओटेसेकोनॅझोल. पहिलं गरोदरपणात चालत नाही आणि दुसरं मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना देताच येत नाही, म्हणजे ज्यांना हा त्रास सर्वाधिक होतो त्यांनाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या यादीत अल्बिकन्स सर्वांत धोकादायक बुरशींमध्ये गेली, पण ती रक्तात शिरून जीव घेते म्हणून.