अर्धा इंच म्हणजे तेरा नव्हे

“अर्ध्या इंचाचा नट? लाव तेराचा पाना, सगळं सारखंच.” गॅरेजात हे सर्रास ऐकू येतं. पण अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी. तेराचा पाना बसतो, पण 0.3 मिमी ढिला. हलक्या नटाला कळत नाही. गंजून जाम झालेल्यावर जोर दिला की कोपरे गोल, मग काढा छिन्नी-हातोडा.

काही जोड्या खरंच जुळतात, गैरसमज बहुधा तिथूनच आला. 3/4 इंच म्हणजे 19.05 मिमी, तिथे एकोणीसचा पाना खुशाल लावा. 9/16 मात्र 14.29: चौदाचा चढत नाही, पंधराचा नुसताच फिरतो.

बोल्टची अदलाबदल तर त्याहून वाईट. 5/16 च्या (सर्वसाधारण जाड आट्यांच्या) भोकात 8 मिमीचा बोल्ट एक-दोन फेरे जातो नि अडतो, कारण आट्यांमधलं अंतर भोकात 1.41 मिमी, बोल्टवर 1.25. रेटलात तर भोकाचे आटे गेले.

जुन्या विलीज जीपला इंची पाने लागतात, आजच्या बहुतेक गाड्यांना मिमीचे. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या व्हिटवर्थ पान्यांचं तिसरंच: त्यावरचा 1/4 हा आकडा बोल्टच्या जाडीचा, पान्याचं तोंड जवळपास 13.3 मिमी! आणि मिमीच्या गोटी (सॉकेट) सेटमधल्या रॅचेटचा, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याचा, गोटी बसते तो चौकोन? तो अजूनही इंचातच.