आफ्रिकेतील मौखिक वंशावळी

मौखिक वंशावळी, आफ्रिकेतील : लिहून न ठेवता तोंडपाठ सांगितली जाणारी पूर्वजांची नामावळी, तसेच अशा नामावळ्या ऐकून आणि ताडून घराण्याचा इतिहास जुळवण्याची पद्धत. इथिओपियातील मठांची हस्तलिखिते आणि पश्चिम आफ्रिकेतील अरबी बखरी सोडल्या, तर सहाराच्या दक्षिणेस सामान्य माणसाच्या जन्ममृत्यूची नोंद वसाहतकाळातच सुरू झाली, तीही तुटक. त्यामुळे पणजोबांच्या मागे जायचे तर कुणाच्या तरी आठवणीलाच हात घालावा लागतो. ही आठवण शिस्तीची असते. पण ती कशासाठी जपली आहे हे न विचारता वापरली, तर हमखास फसवते.

सोमाली लोक या पाठांतराला ‘अब्तिर्सी’ म्हणतात. त्यांच्यात आडनाव नसते. स्वतःचे, वडिलांचे आणि आजोबांचे अशी तीन नावे सांगितली की रोजचे काम भागते. मुलाकडून मात्र लहानपणीच पुढची साखळी घोकून घेतात : अली फाराहचा, फाराह वर्सामेचा, असे मागे मागे जात कुळाच्या मूळ पुरुषापर्यंत. आपल्याकडे खेड्यात अनोळखी पोराला ‘कुणाचा रे तू?’ विचारतात, तसेच तिथेही माणूस कुठला यापेक्षा कुणाचा हे आधी पाहतात. दोघांच्या साखळ्या ज्या नावावर एकत्र येतात, तिथे नाते ठरते. त्यावर पैसाअडकाही अवलंबून असतो. पुरुषाच्या खुनाची भरपाई परंपरेने १०० उंट, आणि ती एकटा गुन्हेगार देत नाही. चार ते आठ पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचे वंशज मिळून देतात. उंट कुणाच्या दावणीचे जाणार हे नावांवरून ठरत असल्याने अलीकडच्या पिढ्यांतली चूक सहसा खपून जात नाही. वरच्या टोकाची गोष्ट निराळी. दारोद, इसाक यांसारखी कुळे आपले मूळ अरबस्तानातून आलेल्या शेखांपाशी नेतात. इतिहासकार तो भाग धार्मिक प्रतिष्ठेच्या खात्यात टाकतात. साखळीत बायका नसतात. एकाच बापाच्या मुलांचे आईवरून पडलेले गट, म्हणजे ‘बाह’, मुद्दाम विचारले तरच कळतात.

पश्चिम आफ्रिकेत माली, गिनी, गांबिया या भागांतील मांदे समाजात हे काम जन्माने ठरलेल्या गायकवर्गाकडे असते. त्यांना ‘जेली’ म्हणतात. फ्रेंचांनी रूढ केलेला ‘ग्रिओ’ हा शब्द बाहेर अधिक ठाऊक आहे. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाता केइताचा जेली बाल्ला फासेके कुयाते, आणि आजही कुयाते हे केइतांचे जेली समजले जातात. कांगाबा गावात कामाब्लोन नावाची गोल झोपडी आहे. दर सात वर्षांनी तिचे छप्पर नव्याने शाकारतात, आणि त्या वेळी केला गावचे जाबाते जेली आत बसून राजवंशाची कथा सांगतात. जेली यजमानाची स्तुती करून बिदागी घेतो, हे शोध घेणाऱ्याने विसरू नये. चारचौघांत तो कुणाच्या घराण्यातला गुलाम पूर्वज काढणार नाही. पराक्रम मात्र सढळ हाताने वाटेल.

मांदे घराण्यांच्या नावाला ‘जामू’ म्हणतात, आणि ते प्रदेशानुसार बदलते. मालीतला त्राओरे सेनेगलच्या वोलोफ मुलखात गेला की जोप धरला जातो, जारा हा न्जाय ठरतो. म्हणून कागदावरचे आडनाव बदलले एवढ्यावरून वंश तुटला असे समजू नये.

खरी अडचण निराळीच आहे. घानाच्या उत्तरेकडील गोंजा राज्याची स्थापना न्देउरा जाकपाने केली, अशी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजांनी ती टिपली, तेव्हा राज्याचे सात विभाग होते आणि जाकपाला सात मुलगे होते; प्रत्येकाच्या वाट्याला एकेक विभाग. पुढे दोन विभाग नाहीसे झाले. साठ वर्षांनी तीच कथा पुन्हा टिपली, तर जाकपाचे मुलगे पाचच! कुणी खोटे बोलत होते असे नाही. कथेचे काम आजची व्यवस्था समजावून देण्याचे होते. व्यवस्था बदलली, तशी कथाही बदलली.

नायजेरियातील तीव लोकांत हा प्रकार थेट कचेरीपर्यंत गेला. जमिनीचे आणि हक्कांचे तंटे वंशावळीवरून सुटतात हे पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या लिहून घेतल्या. सुमारे चाळीस वर्षांनी तीव म्हणू लागले की हे कागद चुकीचे आहेत. अधिकारी म्हणत होते की तुमच्याच वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहे. मानवशास्त्रज्ञ लॉरा बोहॅनन यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की तीव वंशावळ ही सनदेसारखी असते, चालू नात्यांप्रमाणे सावकाश दुरुस्त होणारी. कागदाने ती एका दिवसाशी जखडली. सोमालींची उंटांची खात्री आणि तीवांची ही लवचीकता परस्परविरोधी वाटते. पण दोन्हीकडे नावे टिकतात ती कामाला येतात म्हणूनच. बिनकामाची मधली नावे गळतात आणि दहा पिढ्यांच्या सहा होतात.

नात्याचे शब्दही घोटाळा करतात. दक्षिण आफ्रिकेतील झुलू भाषेत वडिलांचे भाऊ ‘मोठे बाबा’ आणि ‘लहान बाबा’ असतात, आत्याला ‘उबाबेकाझी’, म्हणजे जणू ‘स्त्री-बाप’ म्हणतात. ‘तुमचे बाबा कोण?’ या प्रश्नाला तिघांची नावे आली तर तिन्ही बरोबर. विचारायचे ते असे : तुम्हाला जन्म देणारे वडील कोण? घानाच्या अकान लोकांत कूळ आईकडून येते, आणि क्वामे किंवा कोफी या नावावरून फक्त जन्मवार कळतो, अनुक्रमे शनिवार आणि शुक्रवार.

नेल्सन मंडेला यांचे नाव या दृष्टीने उलगडून पाहण्यासारखे आहे. रोलिश्लाश्ला हे घरचे नाव. नेल्सन शाळेतल्या बाईंनी ठेवलेले. मंडेला हे आजोबांचे नाव. ते आजोबा थेंबू जमातीचा राजा न्गुबेन्गचुका याचे पुत्र, पण वारसाहक्क नसलेल्या शाखेतले. लोक त्यांना ज्या मादिबा नावाने हाक मारत, ती त्यांची ‘इसिदुको’, म्हणजे कुळाची ओळख. मादिबा हा अठराव्या शतकातला थेंबू सरदार. कागदोपत्री आडनाव दोनच पिढ्या मागे नेते, कुळाचे नाव त्याहून कितीतरी मागे. एकाच इसिदुकोत लग्न होत नाही, हे सगोत्र विवाह टाळण्याची रीत ठाऊक असलेल्यांना वेगळे सांगायला नको.

काळ ठरवण्यासाठी पिढीमागे २५ ते ३० वर्षे धरतात, पण गळलेल्या नावांमुळे हा हिशेब लंगडा असतो. दुष्काळ, लढाई, ग्रहण अशी खूण मिळाली तर बरे. युगांडातील बिहार्वे येथे दिवसा अंधार पडल्याची कथा १७ एप्रिल १५२० च्या सूर्यग्रहणाशी जोडतात. त्यावरही वाद आहेच.

संकलित, म्हणजे लिहून एकत्र केलेल्या, वंशावळी हा पुढचा टप्पा. युगांडातील बुगांडा राज्यात माणूस आपले पूर्वज मोठ्याने सांगून कुळातली जागा सिद्ध करतो, त्याला ‘ओकुलान्या’ म्हणतात. तिथले कातिकिरो, म्हणजे मुख्य प्रधान, अपोलो काग्वा यांनी १९०१ मध्ये राजांचा इतिहास लुगांडा भाषेत छापला. मग नंतरचे सांगणारे त्यातलेच सांगू लागले आणि ‘मौखिक’ पुरावा पुस्तकातून येऊ लागला. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताचे दंडाधिकारी जेम्स स्टुअर्ट यांनी १८९७ ते १९२२ या काळात जवळजवळ २०० जणांच्या तोंडून टिपलेली झुलू माहिती अधिक मोलाची, कारण कोण कधी बोलले हे त्यात कळते. तिथल्याच केप प्रांतातील गोऱ्या घराण्यांची वंशावळ द व्हिलियर्स यांनी १८९३-९४ मध्ये छापली. त्यावरून रूढ झालेल्या पद्धतीत ‘बी३ सी५’ म्हणजे मूळ पुरुषाच्या तिसऱ्या अपत्याचे पाचवे अपत्य. या गोऱ्या वंशवृक्षांच्या मुळाशी अँजेला व्हान बेंगाल यांच्यासारख्या बंगालमधून आणलेल्या गुलाम स्त्रियाही आहेत.

गुलामगिरीत साखळी तुटलेल्यांसाठी हा शोध सर्वांत अवघड. अमेरिकी लेखक अ‍ॅलेक्स हेली गुलाम म्हणून नेलेल्या आपल्या पूर्वजाच्या शोधात १९६७ मध्ये गांबियातील जुफुरे गावी गेले. केब्बा फोफाना यांनी त्यांना लाकूड तोडायला गेलेल्या आणि परत न आलेल्या कुंता किंते या मुलाची हकिकत सांगितली. त्यावरचे हेलींचे पुस्तक १९७६ मध्ये जगभर गाजले. १९८१ मध्ये इतिहासकार डोनाल्ड राइट यांनी दाखवले की फोफाना परंपरेने तयार झालेले जेली नव्हते, आणि पाहुण्याला काय ऐकायचे आहे हे गावात आधीच पोहोचले होते.

हिंदी महासागराच्या अलीकडे आणलेल्या हबशींच्या बाबतीत तर तेवढेही हाती नाही. खडकी (पुढचे औरंगाबाद) वसवणारा, मोगलांना जेरीस आणणारा निजामशाही वजीर मलिक अंबर इथिओपियात जन्मला. त्याच्या आफ्रिकेतल्या घराण्याचा म्हणून एक शब्द उरला आहे, त्याचे लहानपणीचे नाव : चापू.